थोरली परत आलीच पाहिजे

"या घरात अन्याय कधी खपवून घेतला नाही आणि यापुढेही घेतला जाणार नाही!" हेडमास्तरांनी उजवा हात उंचावून जाहीर केलं. त्या हातात रिमोट होता आणि भाषणाच्या भरात बोटं आवळली गेली. पडद्यावरची मालिका गेली. एक जाडा माणूस गादीवर उड्या मारून ती किती टिकाऊ आहे ते दाखवू लागला.

"अहो, लावा आधी ते!" मास्तरीणबाई ओरडल्या. "शीर्षकगीत संपलं असेल एव्हाना!"

मालिका परत लागली. खोलीत काळोख होता. निवृत्त झाल्यापासून हेडमास्तरांनी घराला दोनच नियम लावून दिले होते. मालिका चालू असताना दिवा नाही, आणि जाहिरात लागल्याशिवाय बोलणं नाही. दुसरा नियम स्वतः हेडमास्तर सोडून सगळे पाळत. टीव्हीचा आवाज मात्र पूर्ण असायचा. शाळेच्या घंटेने त्यांचा डावा कान केव्हाच निकामी केला होता आणि उजवाही त्याच वाटेवर होता.

आज वातावरण तापलेलं होतं. मालिकेतली थोरली सून कालपासून बदलली होती. जाहिरात लागली आणि स्फोट झाला.

"पाच वर्षं राबली ती बाई त्या घरात," समोरच्या घरातले दातांचे डॉक्टर म्हणाले. "आणि काल दार उघडतं तर भलतीच बाई आत! नाक वेगळं, आवाज वेगळा. दात तर समूळ वेगळे!"

"आणि नवरा काय विचारतो? डबा भरलास का!" वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या मावशी हसता हसता भडकल्या. "मी असते तर तोच डबा घातला असता टाळक्यात."

"ती सासू बघा ना," मास्तरीणबाई म्हणाल्या. "एकदा मान वर करून बघेल तर शपथ! घरातलं माणूस बदललं तरी हिला पत्ता नाही. आम्हाला काय बावळट समजतात?"

दारात पावलं थांबली.

"सूनबाई, चार कप चहा," पडद्यावरची नजर न काढता हेडमास्तर म्हणाले.

"ऐका ना, मला जरा बोलायचं..."

"लागली, लागली!" मावशी किंचाळल्या.

सूनबाईला रविवारपासून काहीतरी बोलायचं होतं. नवरा परगावी नोकरीला, त्यामुळे बोलायची ती या दोघांशीच. रविवारी दोन तासांचा महाएपिसोड होता. सोमवारी मालिकेतल्या धाकट्या लेकीचा साखरपुडा मोडला. आज सकाळी मात्र ती ओल्या हातांनी समोर येऊन उभीच राहिली आणि म्हणाली, "आज माझं ऐकलं नाहीत तर मी या घरात राहणार नाही." तेव्हा कालचा भाग पुन्हा दाखवत होते. "जाहिरातीत बोल," हेडमास्तर म्हणाले होते. जाहिरात लागली तोवर गॅसवर दूध उतू गेलं होतं आणि ती आत पळाली होती.

स्वयंपाकघरात कपाटांची दारं एकामागून एक उघडल्याचे आवाज आले. एक डबा पडला.

"आदळआपट बघा!" मास्तरीणबाई पुटपुटल्या. "राग काढतेय."

चहा आला. चौघांनी कप अंधारातच उचलले. दुसरी जाहिरात लागेपर्यंत ते रिकामेही झाले.

"चहा आज फर्मास झालाय हो," मावशी म्हणाल्या.

"पाच वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आज शिकली एकदाची."

डॉक्टरांनी चॅनेलच्या तक्रारींचा नंबर लावला. पलीकडून संगीत वाजू लागलं.

"सांगा त्यांना," हेडमास्तर गरजले, "थोरली परत आलीच पाहिजे! माणूस म्हणजे काय पंखा आहे, हा गेला की दुसरा लावला? नाहीतर उद्यापासून या घरातला टीव्ही बंद!"

"सगळाच?" मास्तरीणबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"ही मालिका."

"आणि सकाळी पुन्हा दाखवतात ते?"

"ते बघू."

"मला एवढंच सांगायचं होतं की..." दारातून आवाज आला.

"थांब गं जरा!" मास्तरीणबाई कडाडल्या. "इथे एका सुनेसाठी आम्ही जीव तोडून भांडतोय, आणि तुला त्याचं काही आहे का?"

जाहिरात संपली. शेवटच्या प्रसंगात नवी थोरली देवघरापाशी एकटीच रडली. डॉक्टरांनी हळूच नाक ओढलं.

"रडते बरी, नाही?" मावशी म्हणाल्या.

"फितूर!" हेडमास्तर त्यांच्यावर उखडले. मग खुर्चीत मागे रेलत त्यांनी हुकूम सोडला, "सूनबाई, दिवा लाव. आता बोल काय ते."

आधी पंखा बंद झाला. मग बाहेरची घंटा वाजली. तिसऱ्या बटणाला दिवा लागला.

भिंतीशी उभ्या असलेल्या बाईला चौघांपैकी कुणीही आजवर पाहिलेलं नव्हतं.

"मी खालच्या मजल्यावर नवीन राहायला आलेय," ती म्हणाली. "वर येताना जिन्यात तुमच्या सूनबाई भेटल्या, बॅग घेऊन उतरत होत्या. म्हणाल्या, दार उघडंच आहे, आत जा, पण बोलायचं ते जाहिरातीत बोला. टीव्हीचा आवाज जरा कमी ठेवाल का?"