फाटकापाशी कोण

"जाळी नको म्हणजे नको!" वेनिंगने नव्या चर्चच्या पुठ्ठ्याच्या नमुन्यातली खिडकी हाताने झाकून टाकली. "बाहेरचा आत येऊ नये म्हणून जाळ्या ठोकायच्या, दारांना कुलपं घालायची, आणि आग लागली की आतल्यांनी जायचं कुठून? गेल्या नाताळात बघितलंत ना?"

सगळ्यांनीच बघितलं होतं. पिशव्यांची तपासणी एकाच दारात व्हावी म्हणून बाजूच्या दाराला कुलूप घालायचं, ही अक्कल चर्चच्या समितीचीच. बॉम्बस्फोट पुढच्या दारात झाला, छताने पेट घेतला आणि माणसं कुलपाच्या दारावर जाऊन कोसळली. वेनिंगची आई त्यांच्यातच होती. किल्ली होती अध्यक्ष हार्सोनो यांच्या खिशात. ते बिचारे खाली मान घालून बसले, आणि जरा वेळाने म्हणाले, "बरं, संगमरवर तरी घालायचा ना?"

आता या माणसाला काय म्हणावं! पण कुणी हसलं नाही.

नव्या चर्चची आखणी वेनिंगचीच; ती समजावत राहिली. नवी दारं बाहेरच्या बाजूला उघडतील, नुसत्या अंगाच्या रेट्याने. एक खांब गेला तरी बाकीचे छत तोलून धरतील. काच तडकेल, पण अंगावर येणार नाही. आणि पिशव्यांची तपासणी चर्चच्या दारात नाही, पार लांब रस्त्याकडेच्या फाटकापाशी. "जे काय व्हायचं ते तिथं होईल. आतल्यांना धक्का लागणार नाही." फादर प्रियोंनी छातीवर क्रूस केला. पोरीने काम चोख केलं होतं, खोटं कशाला बोला.

मुर्सिदाकाकू तळलेल्या टेंपेचं, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांचं, ताट घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या होत्या. त्या पलीकडच्या मशिदीच्या गल्लीतल्या. आमच्याकडे ईदला चर्चची पोरं मशिदीपुढच्या गाड्या सांभाळतात आणि नाताळच्या रात्री मशिदीची पोरं चर्चवर पहारा देतात. वर्षानुवर्षं चाललंय, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. गेल्या वर्षी दारात पिशवी उघडायला सांगणारा पोरगा म्हणजे काकूंचा थोरला, फैसोल. यंदा पहाऱ्यासाठी धाकट्या झैनीने आपलं नाव दिलं होतं.

"झैनी कुठं उभा राहणार, ते दाखव मला," काकू म्हणाल्या.

वेनिंगने पुठ्ठ्याच्या अंगणात, रस्त्याच्या कडेला बोट ठेवलं.

"इथं? असा उघड्यावर?" काकूंनी ताट खाली ठेवलं. "अगं पोरी, चर्चला एवढी जाड भिंत घातलीस, त्यातली थोडी त्याला दे की."

"भिंतीचा उपयोग नाही काकू. पिशवी हातात घेऊन बघायची असते. भिंत तिच्या आणि त्याच्या मधे कशी येणार?"

"मागून तरी असू दे. पोराला आधार."

"मागची भिंत फुटते. तिचेच तुकडे लागतात."

फादर मधे पडले. "आपण त्याला जाड जाकीट देऊ, काकू. चांगलं, नवीन."

"फैसोललाही दिलं होतं, फादर."

फादरनी चष्मा काढला आणि पुसत बसले. हार्सोनोंना राहवलं नाही. "यंत्रच बसवून टाकू ना! पिशवी आत घातली की सगळं दिसतं."

"आणि यंत्रापाशी कोण उभं राहील? तुम्ही?" वेनिंग तडकली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं असावं, कारण तिने त्यांच्यापुढे चहाचा पेला सरकवला. हार्सोनोंनी तो घेतला, पण प्यायले नाहीत.

"काकू," फादर हळूच म्हणाले, "तुम्ही झैनीला नको म्हणून सांगून बघा ना. आम्ही कुणी नावं ठेवणार नाही. आमची पोरं उभी राहतील."

"सांगितलं. रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. म्हणतो, दादा उभा होता, मी घरात झोपू?" काकूंनी पदराने नाक पुसलं. "आणि तुमची पोरं काय उकिरड्यावरून आणलीत, फादर? त्यांनाही आया आहेत."

काकू वाकून ते पुठ्ठ्याचं अंगण न्याहाळत होत्या. चर्चपासून फाटकापर्यंत सगळं मोकळं. झाड नाही, कट्टा नाही, खोपटं नाही. उडून लागेल असं काहीच वेनिंगने ठेवलं नव्हतं.

"गेल्या वर्षी फाटक असं लांब असतं," काकूंनी विचारलं, "तर तुझी आई वाचली असती?"

"हो."

"आणि माझा फैसोल?"

वेनिंगने नाही म्हणून मान हलवली. इतके महिने कोरड्या डोळ्यांनी नकाशे काढणारी पोर ती, आता तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळायला लागलं. काकूंनी पुढे होऊन तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस. तुझं बरोबर आहे. आत लेकरं असतात, म्हातारी माणसं असतात. फाटक लांबच हवं." मग म्हणाल्या, "निदान पत्र्याचं छप्पर? इथं नाताळ म्हणजे भर पावसाळा, त्या रात्री पाऊस कधी चुकलाय?"

"पत्राही उडतो, काकू."

काकूंनी मान डोलावली. उडतो, खरंच. मघाशी वेनिंगने बोट ठेवलं होतं, तिथं त्यांनी आपलं बोट ठेवलं.

"मग इथं दोन माणसांची जागा धर," त्या म्हणाल्या. "त्याचे हात पिशवीत असतील. छत्री मी धरीन."