काही तक्रार नाही

बेंडिगो शहरातल्या वृद्धाश्रमातल्या बेरिलबाई रोज चहाला नावं ठेवायच्या. "हा चहा आहे की भांडी विसळलेलं पाणी?" खुब्याच्या ऑपरेशननंतर सातव्या दिवशी मात्र त्या गार झालेला चहा मुकाट्यानं प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालाय हं, पोरी."

नर्स ट्रेसी हरखून गेली. अंगात ताप नव्हता, दुखत असल्याचंही बाई काही बोलल्या नव्हत्या. कशाला उगाच त्रास द्या, म्हणून तिनं जखमेची पट्टी बदलणं उद्यावर ढकललं आणि वहीत लिहिलं, 'आज खुशीत. काही तक्रार नाही.'

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तर आत पू झाला होता आणि विष रक्तात भिनलं होतं. "या वयात ताप येतोच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "माणूस एकाएकी वेगळं वागायला लागला, की आधी जखम बघायची." चार दिवसांत बेरिलबाई गेल्या.

दफनानंतर सगळे चहा-सँडविचला थांबले, तेव्हा त्यांच्या मुलीनं ट्रेसीचे दोन्ही हात धरले.

"जन्मभर कुरकुरली गं आमची आई. तुझ्या वहीतली ओळ वाचली आणि जिवाला बरं वाटलं. थडग्यावर तीच कोरायला दिलीय."