झुलेमाच्या कड्यावरची फुलं

"तुला कुणी विचारलं होतं गं?" तिसऱ्या रांगेतून कासिल्दा गरजली.

बस स्पेनमधल्या मालागाहून निघून पाऊण तास झाला होता. माईक धरून उभी असलेली गाईड, नोएलिया, दचकली. ती एवढंच म्हणाली होती, की पेन्यामोरा गावची झुलेमाची दंतकथा खरी नाही. मूर, म्हणजे मुसलमान सरदाराची मुलगी, ख्रिस्ती प्रियकर, बापाचा नकार, मग कड्यावरून उडी. सगळं बनावट.

"कासिल्दाबाई, मी इतिहास शिकलेय," नोएलिया म्हणाली. "१९५८च्या आधी एकाही कागदावर झुलेमा नाही. एका परदेशी प्रवाशाच्या पुस्तकात ती पहिल्यांदा येते. गावातल्या कुणीतरी त्याला थाप मारली, त्यानं ती छापली."

"शिकलात म्हणजे शिंगं फुटली! इतकी वर्षं लोक तिथं फुलं टाकतात, ते काय सगळे गाढव?"

"फुलं बंद झाली आता. दरीत कचरा होतो म्हणून नगरपालिकेनं बंदी घातलीय. कुणी टाकलीच तर त्याला दंड, आणि टाकू देणाऱ्या गाईडचा परवाना जप्त. माझ्या पोटावर पाय देऊ नका, बाई."

"फुलं म्हणजे कचरा?" कासिल्दाचा आवाज चढला. "कुत्र्यांची घाण चालते, सिगारेटची थोटकं चालतात, फुलं तेवढी डोळ्यांत खुपतात!"

मागच्या सीटवर एउतिकियो बसला होता. निवृत्त पोस्टमन. टपाल थांबलं, जीभ काही थांबली नाही. तो म्हणाला, "कासिल्दा, झुलेमा तुझी मावशी लागत होती का गं?"

"हो! आणि तुझी अक्कल तिच्याबरोबरच दरीत गेली!"

बसभर हशा पिकला. शेजारी बसलेल्या विसीनं तिची बाही ओढली. विसी म्हणजे तिची चाळीस वर्षांपासूनची शेजारीण.

"गप की गं. आधीच आज सर्व संतांचा दिवस. अख्खा मालागा फुलं घेऊन कबरस्तानात गेलाय, आणि तू मला डोंगरावर फिरवतेयस."

"आईकडे मी कालच जाऊन आले," कासिल्दा म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

तिच्या मांडीवर वर्तमानपत्राची पुरचुंडी होती. कागद खालून ओला झाला होता. विसीला वाटलं, पावात घातलेलं ऑम्लेट असेल, तेल सुटलंय.

पेन्यामोराला उतरल्यावर मंडळी भाजलेल्या चेस्टनटच्या गाडीभोवती जमली. नोएलियानं डोकी मोजली. एक कमी भरलं. आता बोला! एकोणऐंशी वर्षांची बाई, गुडघ्यात वाटी उरलेली नाही, आणि चर्चमागच्या पायऱ्यांनी ती केव्हाच वर निघाली होती. ती वाट गाईडच्या नकाशातही नव्हती.

नोएलिया धापा टाकत कड्यावर पोहोचली, तेव्हा तिथं भांडण पेटलं होतं. नगरपालिकेचे दोन कामगार कठड्यावरची झुलेमाच्या नावाची संगमरवरी पाटी उचकटत होते आणि कासिल्दानं एकाची बाही घट्ट धरली होती.

"चोर मेले! आजच मुहूर्त सापडला? आजच्या दिवशी?"

"आजी, वरून हुकूम आहे. आम्ही काय करणार?"

"ज्यानं हुकूम दिला त्याला आण इथं! मेल्याच्या हातात पाना दे, म्हणावं तूच काढ!"

कामगार तरी काय करणार? त्यांनी पाटी काढली, हातगाडीत टाकली आणि निघून गेले. कठड्यावर चार भोकं उरली. कासिल्दा त्या भोकांकडे बघत राहिली.

नोएलिया जवळ आली. पोरगी वाईट नव्हती. "आजी, जी मुलगी कधी नव्हतीच, तिच्यासाठी एवढा त्रागा कशाला?"

"ती एकोणीस वर्षांची होती," कासिल्दा म्हणाली. "उडी मारायच्या आधी तिनं सँडल काढून इथं कठड्याशी नीट ठेवले होते. नवे कोरे. घरात कुणाला तरी होतील म्हणून."

"हे कुठल्याच पुस्तकात नाही."

"पुस्तकं!" कासिल्दा थुंकल्यासारखं बोलली. तिनं पुरचुंडी सोडली. ओल्या कागदात कार्नेशनचं एक पांढरं फूल होतं.

नोएलियानं मागं पाहिलं. एउतिकियो, विसी आणि बाकीची मंडळी चढण चढत येत होती. "कासिल्दाबाई, पाया पडते. माझा परवाना जाईल."

"मग तिकडं तोंड कर आणि डोकी मोज. तुला तेवढंच येतं."

नोएलिया क्षणभर घुटमळली. मग तिनं खरंच पाठ फिरवली आणि मोठ्यानं मोजायला लागली. एक, दोन, तीन.

कासिल्दा कठड्यावरून वाकली. खाली दरीच्या तळाशी एक जुनं अंजिराचं झाड होतं. तिनं नेम धरून फूल सोडलं. ते गिरक्या घेत झाडाकडे गेलं.

"घे, फेलिसा," ती म्हणाली.

मोजता मोजता नोएलिया थांबली. "झुलेमा," तिनं सवयीनं चूक सुधारली.

"फेलिसा. माझी थोरली बहीण." कासिल्दानं ओल्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. "जीव दिला म्हणून पाद्र्यानं तिला कबरस्तानात घेतलं नाही. त्या झाडाखाली पुरली, आणि तिथं फूल न्यायचीही आईला बंदी केली. मी अकरा वर्षांची होते. पुढच्या वर्षी गावात एक परदेशी पाहुणा आला, त्याला मी झुलेमाची गोष्ट सांगितली."