चाळीस ओव्या

“माँजी, सुबह हाथ अकड़ते हैं? खुलने में कितनी देर लगती है?” डॉक्टर भार्गवांनी विचारलं.

सत्यभामाबाईंच्या आधी त्यांची सून देवश्रीच बोलली. “यांचे कुठले अकडतात? साडेसहाला आम्ही उठतो तर चहा तयार, कणीक भिजलेली.”

शब्दांत कौतुक होतं, आवाजात नव्हतं. डॉक्टर नागपुरात शिकलेले, त्यांना मराठी कळत होतं. “फिर तो उम्र की घिसाई होगी,” म्हणत त्यांनी कागद पुढे ओढला.

देवश्रीला घाई होती. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती आली होती, तीही सासूची बोटं सुजलेली पाहून सासऱ्यांनी धोशा लावला म्हणून. तेलीबांध्याला तलावाजवळ फ्लॅट बघून झाला होता. नवऱ्याला, अभिनवला, तिनं तयार केलं होतं. आज संध्याकाळी चौबे कॉलोनीतल्या घरात ती सांगून टाकणार होती, की पुढच्या महिन्यापासून आम्ही वेगळे राहू. भांडण कधी झालं नव्हतं. फक्त रोज पहाटे चारला स्वैपाकघरातला दिवा लागायचा, आणि भिंतीपलीकडून सासूच्या ओव्या सुरू व्हायच्या, चढ्या आवाजात. सून झोपली आहे हे साऱ्या कॉलोनीला कळावं, अशा.

“सांगतो ना बाप्पा,” सत्यभामाबाई हळूच म्हणाल्या. “चाळीस ओव्या लागतात.”

डॉक्टरांचा पेन थांबला. “मतलब?”

“घड्याळ कोण पाह्यते? चारले उठतो, गंजात ऊन पाणी घेतो, त्यात हात बुडवून बसतो. एकेका बोटाले ओवी म्हणतो.” त्यांनी सांगता सांगता गुणगुणून दाखवली:

“पयली माझी ओवी बाई, पयल्या बोटाले,
ऊन पाणी देतो, सोड तुह्या गाठीले.

“मागच्या दिवाळीले पाच ओव्यात मूठ मिटत होती. आता चाळीस होतात, तरी आंगठा रुसूनच राह्यते.”

“चाळीस म्हणजे किती वेळ?” डॉक्टरांनी आता मराठीतच विचारलं.

सत्यभामाबाईंनी सुनेकडे पाहिलं.

“पावणेदोन तास,” देवश्री म्हणाली.

रोज उशीखालून मोबाईल काढून ती वेळ बघत होती. सव्वाचारला सुरू, सहाला बंद. तेवढा वेळ अंथरुणात दात आवळून पडलेली असायची.

डॉक्टरांनी सत्यभामाबाईंची बोटं मुळाशी हलकेच दाबली. बाईंनी कळ येऊन श्वास रोखला. दुसऱ्या हाताचंही तेच.

“ही झीज नाही,” डॉक्टर म्हणाले. “झिजलेला सांधा सकाळी अर्ध्या तासात मोकळा होतो. दोन-दोन तास लागतात म्हणजे आत सूज आहे. संधिवात. शरीर आपल्याच सांध्यांशी भांडतं. रक्त तपासून गोळ्या सुरू करू. गोळ्या चालू असताना रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, त्यात चुकायचं नाही. बोटं अजून वाकलेली नाहीत. वेळेत आलात, माँजी. दोन-तीन महिन्यांत फरक दिसेल.”

“हव,” सत्यभामाबाई म्हणाल्या, निवडलेल्या भाजीचा भाव पटावा तशा शांतपणे.

रक्त तपासायला देऊन दोघी बाहेर बाकावर बसल्या. सासूच्या कोपराच्या खळीतला कापूस देवश्रीनं स्वतःच्या बोटानं दाबून धरला. ते काम सासूच्या बोटांना आज जमणार नव्हतं, आणि हे तिला पहिल्यांदाच दिसत होतं.

“आई, मले सांगितलं काहून नाही?”

“तू दिवसभर ऑफिसात खपतं. सकाळची झोप तेवढी तुही.”

देवश्रीनं कापूस उचलून पाहिला, रक्त थांबलं होतं. मग इतक्या दिवसांचा राग एकदाचा विचारूनच टाकावा, तसं तिनं विचारलं, “झोपेची एवढी काळजी होती, तर इतक्या मोठ्यानं काहून गात होत्या?”

सत्यभामाबाई ओशाळल्या. “बोटं उघडताना जीव कळवळते, बाई. गाणं नसतं म्हटलं, तर तुले माह्यं कण्हणं आयकू आलं असतं.”