बोळकं

डेंटिस्टबाईंनी चार वर्षांच्या पोरीचे पुढचे चारही किडके दात काढून ट्रेमध्ये ठेवले. "गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलं, की असंच होतं," त्या म्हणाल्या. "बाटली तर मी वर्षापूर्वीच फेकली," पोरीची आई म्हणाली. शेजारी बसलेल्या सासूने मांडीवरची पिशवी पोटाशी धरली. सून कामाला गेली, की दुपारी नात घर डोक्यावर घ्यायची. शेवटी म्हातारीने गुपचूप नवी बाटली आणली. दुधात दोन चमचे साखर घातली, की घर चिडीचूप व्हायचं. दुधाच्या दातांना दुधाची कसली भीती, असं ती स्वतःला सांगायची. बाटली आजही पिशवीत होती. नात रडलीच तर असावी म्हणून. पण ती रडली नाही. खुर्चीतून उतरून तिने आजीच्या बोळक्यात बोट फिरवलं, मग स्वतःच्या. "आजी," आईदेखतच तिने विचारलं, "तुला बाटली कोण द्यायचं?"