हात मागं घ्या

"हात मागं घ्या," मनुबाई म्हणाली.

बायकोचा आवाज ऐकून परशरामचा हात तंबाखूच्या ढिगापाशी थबकला. समोर सिद्राम दोन जातींची तंबाखू एकत्र करत होता. ही मिसळण परशरामची. निपाणीत त्यानं बिडीचा कारखाना काढला तेव्हापासून त्या ढिगाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

कारखाना म्हणजे घरापुढची लांब पडवी. तिथं बायका बसून बिड्या वळत. पानं परशरामच वाटायचा, बिड्या तोच तपासायचा, संकेश्वरच्या दुकानदारांना मालही तोच पोचवायचा. दिवस कलल्यावर कधीतरी जेवायला उठायचा. बेळगावच्या एका व्यापाऱ्यानं मोठी मागणी घातली, तेव्हा त्यानं हात जोडून नाही म्हटलं होतं. एकटा माणूस करणार किती?

ते ऐकून मनुबाई पहिल्यांदा कारखान्याच्या कामात बोलली. सिद्राम इतक्या वर्षांचा जुना माणूस, त्याला मिसळण शिकवा म्हणाली. परशरामनं शिकवली, पण दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिला. सिद्राम मूठभर तंबाखू टाकायचा, मालकाच्या तोंडाकडं बघायचा आणि अर्धी परत काढायचा.

"काम दिलंसा, पर सोडलं कुठं?" मनुबाई म्हणाली. "कसं पायजे ते एकदा नीट सांगा. मग हितनं उठा."

तो उठला. पुढच्याच आठवड्यात संकेश्वरहून माल परत आला. बिडी इतकी कडक, की गिऱ्हाइकं खोकून बेजार झालेली.

"बघितलंस?" परशराम भडकला. "म्हणून मी कुणाला हात लावू देत न्हाय. उद्यापास्नं मीच करणार."

"करा की. पर मग जलमभर तुमीच करा." ती शांतपणे म्हणाली. "कुठं चुकलं, ते त्येला इचारलं का?"

त्यानं विचारलं. सिद्राम खाली मान घालून म्हणाला, "नवी तंबाखू तेज निघाली, मालक. मला वास आलता. पर तुमी वरडशीला म्हनून बोललो न्हाय."

परशरामनं सिद्रामला शेजारी बसवलं. दोघांनी एकेक बिडी ओढून बघितली.

"शंका आली तर सरळ माझ्याकडं ये. मी वरडणार न्हाय," तो म्हणाला. "आणि शंका नसंल तर मला इचारू नगंस. तुझं तू ठरीव."

त्यानंतर माल परत आला नाही.

मग तपासणी बिड्या वळणाऱ्या बायाक्काकडं गेली. तिनं पहिल्याच दिवशी स्वतःच्या जावेच्या बिड्या मोडीत काढल्या आणि पडवीत एकच कालवा झाला. परशराम उठायला निघाला, पण पुन्हा बसला. बायाक्कानं ते भांडण तिच्या पद्धतीनं मिटवलं. संकेश्वरची खेप गुंडू गाडीवानाकडं गेली. इंग्रजांची जर्मनीशी लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, रॉकेल महागलं होतं, पण बिडी खपत होती. परशराम स्वतः बेळगावला जाऊन त्या व्यापाऱ्याची मागणी घेऊन आला. येताना मोटारीत तो अनोळखी माणसांशी मोठमोठ्यानं बोलत होता.

आता त्याला संध्याकाळ मोकळी मिळू लागली. काय करावं ते कळेना, म्हणून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. मनुबाई त्याला बसू द्यायची नाही. आधी तिनं धाकट्या पोराला त्याच्या मांडीवर दिलं. मग थोरलीची, अक्काताईची, वेणी घालायला लावली. एक दिवस तिनं पिठाची परात त्याच्यापुढं सरकवली.

"मी? भाकरी?"

"कारखाना चालवतासा न्हवं? मग भाकरी थापाय काय झालं?"

पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच तुटली. दुसरी करपली. मनुबाई भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बघत राहिली. मग "जमंल" म्हणून परसात निघून गेली. अक्काताई खुदखुदून हसली आणि करपलेली भाकरी दुधात कुस्करून खाल्ली.

हळूहळू भाकरी गोल झाली. धाकटा रडला तरी मनुबाई उठायची नाही, मग परशरामच त्याला खांद्यावर घेऊन फिरायचा. ती बोरगावला बहिणीकडं जायची, कधी दोन दिवस राहायची. परत आली की पोरांची तोंडं बघायची, चुलीकडं बघायची आणि समाधानानं पदर खोचायची.

"हिकडं अडत न्हाय, तिकडं अडत न्हाय," परशराम एकदा तिला म्हणाला. "असा मोकळा श्वास मी जलमात घेतला नव्हता. तुझं ऐकलं म्हनून."

मनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, पण मग फक्त हसली.

बाजाराच्या दिवशी ती लवकर तयार झाली. "आज बाजाराला मी जाते. धाकट्याला बघा," म्हणाली. दाराशी जरा थांबली, अक्काताईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेली.

दुपारच्या आधी सिद्राम धापा टाकत आला. "मालक, चला. मालकीण... बाजारात... फौजदार..."

परशरामनं धाकट्याला खांद्यावर घेतलं आणि पळत सुटला.

बाजारात माणसांचं कडं पडलं होतं. मधोमध एका रिकाम्या बैलगाडीवर मनुबाई उभी होती. घरात ती कधी चढ्या आवाजात बोलली नव्हती. आता तिचा आवाज पार दुसऱ्या टोकापर्यंत पोचत होता.

"इंग्रजाच्या लढाईला पैसा देऊ नका! माणूस देऊ नका!"

फौजदारानं तिला खाली उतरवलं. माणूस वाईट नव्हता. हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, सत्याग्रहाला नाव देऊन तुम्हाला कितीतरी महिने झाले. माहीत आहे आम्हाला. अजूनही माफी मागा, घरी जा. शिक्षा मोठी होईल. तुम्हाला लहान लेकरं आहेत म्हणतात. त्यांना कोण बघणार?"

मनुबाईनं गर्दीतून परशरामकडं बघितलं.

"त्यांचा बाप," ती म्हणाली आणि आपण होऊन पोलिसांच्या गाडीत चढली.