माशांचा नवस

वाळवंटातल्या झऱ्याकाठी सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि शर्वाणी घाईने आडवी आली. डब्यात कणकेच्या गोळ्या होत्या.

“सुनेला नोकरी लागली की तिच्या माशांना खाऊ घालीन, असं देवीला बोलले होते.”

“माई, हे मासे जगात फक्त याच झऱ्यात उरलेत. यांना कुणी काही घालू नये, म्हणून तर मला नेमलंय. गोळी पडली की नोकरी गेली.”

“मग देवीला काय सांगू? अमेरिकेतल्या माशांचं डाएट चालू आहे?”

पाण्यात पेराएवढे निळे मासे एकमेकांना हाकलत होते. हजारो वर्षं त्यांनी कणकेवाचून काढली होती. शर्वाणीने शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं गुपित तिने लग्नापासून सांभाळलं होतं. पण दुर्मिळ मासे होते, नवरे नव्हते.

“हेरंबला चारा गोळ्या. काल हॉटेलात त्याने अख्खा मासा खाल्लाय. अजून पोटातच असेल.”

हेरंब आभाळाकडे बघू लागला. माईंनी आपल्या जन्मजात शाकाहारी मुलाकडे बराच वेळ पाहिलं, मग डब्यातली सगळ्यात मोठी गोळी उचलली.

“आ कर.”